रोजनाम्यावरची ओळ

हातात आदेशाची नक्कल घेऊन आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतो, "ताई, वरच्या कोर्टात जाता येईन ना?" देऊळगाव राजात वकिली करताना कामावरच्या अपघातांचे भरपाई दावे माझ्याकडे वाढत गेले, आणि हा प्रश्न मी सर्वांत जास्त ऐकला असेन. उत्तर देण्याआधी मी कागद मागते. समोरच्यावर अन्याय झालाय का, हे त्याच्या चेहऱ्यावरून आणि बोलण्यातून कळतं. अपील होईल का, हे मात्र आदेश कोणत्या जातीचा आहे त्यावर ठरतं. ज्याचा हात गेलाय त्याला हा फरक समजावून सांगणं हा माझ्या कामातला फार जड भाग आहे.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या कलम ३० मध्ये अपिलायोग्य आदेशांची यादी होती आणि ती लहान होती. एकरकमी भरपाई देणारा किंवा नाकारणारा आदेश, व्याज किंवा दंड लावणारा आदेश, मृताच्या अवलंबितांमध्ये रक्कम वाटणारा किंवा कुणाला अवलंबित मानायला नकार देणारा आदेश, मुख्य मालकाने ठेकेदाराकडून रक्कम परत मागितली त्यावरचा आदेश, तडजोडीचा करारनामा नोंदवण्याचा किंवा नोंदवायला नकार देण्याचा आदेश आणि पंधरवड्याच्या रकमेबाबतचा एक प्रकार. बस. त्यातही अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न गुंतलेला असला पाहिजे. अपील उच्च न्यायालयातच होतं आणि मुदत साठ दिवसांची.

आता या यादीत काय नाही ते बघा. तारीख वाढवून द्यायला नकार. साक्षीदाराला समन्स काढायला नकार. उशिरा आलेला कागद दाखल करून घ्यायला नकार. उलटतपासाची संधी संपली असा आदेश. अर्जदाराचा पुरावा बंद असा आदेश. यातलं काहीच तिथं नाही, आणि गरिबाचा दावा बहुतेक वेळा इथंच बुडतो. अंतिम निकालात फक्त लिहिलं जातं, 'अर्जदाराने अपंगत्व सिद्ध केले नाही.' का सिद्ध केलं नाही, कुठल्या तारखेला, कुणी थांबवलं, हे निकालात नसतं. ते असतं रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणात त्या त्या तारखेला काय घडलं त्या नोंदीत, तेसुद्धा कुणी लिहून घेतलं असेल तरच.

या तालुक्यातला कष्टकरी कुठं कुठं राबतो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कुणी विहिरी खोदतो, कुणी सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्रावर असतो, कुणी ठेकेदाराच्या टेम्पोवर. आणि मोठ्या संख्येने पोरं जालन्याला जातात, सळई बनवणाऱ्या रोलिंग मिलमध्ये आणि भट्ट्यांवर. जालना तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. बुलढाणा, म्हणजे आमचं जिल्ह्याचं ठिकाण, त्याच्या दुपटीहून लांब. एकेकाळी जालना निजामाच्या राज्यात होतं आणि देऊळगाव राजा वऱ्हाडात. ती सीमा नकाशावरून पुसली गेली तरी अपिलाच्या वाटेत आजही आडवी येते. भरपाईचे दावे चालवणाऱ्या जालन्याच्या आयुक्तांच्या निकालावरचं अपील औरंगाबाद खंडपीठाकडे जातं, बुलढाण्याच्या निकालावरचं नागपूरला. ते खंडपीठ असलेलं संभाजीनगर गाठायला इथून दोन-अडीच तास लागतात. नागपूरला जायचं तर रात्रभराचा प्रवास.

त्यामुळे दावा कुठे लावायचा हा आमच्याकडे पहिलाच आणि मोठा निर्णय असतो. १९९५ मध्ये कलम २१ बदललं. त्याआधी जिथे अपघात झाला तिथल्याच आयुक्तांकडे जावं लागे. आता अर्जदार जिथे राहतो तिथेही दावा लावता येतो, मालकाचं नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथेही. मिलमध्ये उजव्या हाताची चार बोटं गमावलेला एक तरुण माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या आईने सांगितलं, "जालन्याला नको ताई, तिथं त्याईचीच माणसं." मिलवाल्यांची ओळख, तिथली भीती, पोराचे सोबती अजून तिथेच कामाला. आम्ही बुलढाण्याला दावा लावला.

पहिल्याच तारखेला मिलच्या वकिलांचा अर्ज आला: अपघात जालना जिल्ह्यात, कारखाना जालन्यात, म्हणून या आयुक्तांना अधिकार नाही, दावा फेटाळा. रेशनकार्ड, मतदारयादी, ग्रामपंचायतीचा दाखला असं सगळं आमच्याकडे होतं. पण खरी मेख कलम २१ च्या परंतुकात होती. अपघात झालेल्या भागाचे आयुक्त सोडून दुसऱ्या आयुक्तांनी प्रकरण चालवायचं असेल तर त्या भागाच्या आयुक्तांना आणि संबंधित राज्य सरकारला आधी नोटीस गेली पाहिजे. ही नोटीस बऱ्याच फायलींत गेलेलीच नसते, आणि तेव्हा कुणी लक्षही देत नाही. भरपाई मंजूर झाल्यावर मालक अपिलात हाच मुद्दा काढतो, आणि तो मुद्दा दिसायला तरी शुद्ध कायद्याचा असतो. मी त्याच दिवशी अर्ज देऊन नोटीस काढायची विनंती केली, ती गेल्याची पोच फाइलला लावून घेतली आणि निशाणी क्रमांक पडेपर्यंत तिथेच उभी राहिले. स्थलांतरित मजुरांची आणि त्यांच्या घरच्यांची सोय व्हावी म्हणून ही दुरुस्ती झाली, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालच्या एका निकालात सांगितलं आहे. तो निकालही जोडला. मिलचा अर्ज नामंजूर झाला.

त्या आदेशावरही अपील नव्हतं, या वेळी मालकाला. त्यांनी नागपूरला रिट याचिका लावली. आईने घाबरून विचारलं, "मंग आता इथलं थांबलं का?" नाही थांबलं. वर याचिका दाखल झाली म्हणून खालचं काम आपोआप थांबत नाही, त्यासाठी स्थगिती लागते. स्थगितीचा आदेश समोरच्यांनी दाखवेपर्यंत आम्ही पुरावा पुढे नेत राहिलो. प्रत्येक तारखेला त्यांचा मुदतअर्ज, प्रत्येक तारखेला माझी लेखी हरकत. चार बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात थेट पन्नास टक्के लिहिलेले आहेत, अंगठ्याला तीस. तिथे टक्केवारीसाठी डॉक्टरला बोलावण्याची फारशी गरज नसते. म्हणून तो दावा तरला.

जिथे जखम परिशिष्टात बसत नाही, कंबर मोडते, मणका दबतो, खांदा निकामी होतो, तिथे कमावण्याची ताकद किती गेली हे पात्र डॉक्टरने सांगावं लागतं. आणि डॉक्टर कोर्टात येत नाही.

एका बाईंची फाइल माझ्याकडे आली ती निकाल लागून पाच महिने झाल्यावर. नवरा बांधकामावर पडला होता, खाटेवर होता, बोलायचंही थोडंच. दावा दुसऱ्या वकिलांकडे चालला होता आणि फेटाळला गेला होता. मी सही-शिक्क्याच्या नकला काढल्या आणि आधी निकालाऐवजी रोजनामा वाचला. तारखेमागून तारीख तीच ओळ: 'अर्जदार गैरहजर, साक्षीदार गैरहजर.' मग एक दिवस: 'अर्जदाराचा पुरावा बंद.' बाईंना विचारलं तर त्या प्रत्येक तारखेला नवऱ्याला घरी ठेवून एसटीने बुलढाण्याला गेल्या होत्या. दवाखान्यातही गेल्या होत्या, डॉक्टरांना हात जोडून आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, समन्स आलं तर येतो. समन्स काढायचा अर्जच फायलीत नव्हता. मुदत मागितल्याचा अर्ज नव्हता, पुरावा बंदच्या आदेशावर साधी हरकत नव्हती, तो मागे घ्यावा अशी विनंती नव्हती.

आम्ही विलंब माफीच्या अर्जासह नागपूरला अपील केलं. विलंब माफ झाला, त्यात अडचण आली नाही. पण मूळ मुद्द्यावर कोर्टाने विचारलं ते मलाही मनात ठाऊक होतं: संधी नाकारली म्हणता, तर मागितली कधी? कागदावर ती मागितलेली कुठेच दिसत नव्हती. अपील दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच संपलं. वस्तुस्थितीचे निष्कर्ष आयुक्तांचे, त्यात आम्ही शिरत नाही, असं कोर्टाने सांगितलं. ईशान्य कर्नाटक परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हीच गोष्ट बजावून सांगितली आहे. अपघात झाला का, कामाच्या ओघात झाला का, वय किती, पगार किती, अपंगत्व किती, हे सगळे वस्तुस्थितीचे प्रश्न. हे अपील दिवाणी दाव्याच्या पहिल्या अपिलासारखं नाही.

त्या बाईंना मी हे इथल्या माझ्या ऑफिसात सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तर दर बारीला गेल्ते." त्यांचं जाणं कुठे लिहिलेलंच नव्हतं.

यानंतर माझी कामाची पद्धत बदलली. तोंडी विनंती मी करतच नाही. तारीख हवी असेल तर लेखी अर्ज, कारणासह. समन्स परत आलं तर बेलिफाचा शेरा वाचून त्यावर दुसरा अर्ज. न्यायाधीश म्हणाले, "राहू द्या हो, लिहितो मी," तरी मी कागद पुढे ठेवते, आणि सायंकाळी रोजनाम्यात काय उमटलं ते पाहूनच निघते. आयुक्तांचं काम पाहणाऱ्या न्यायाधीशांवर इतर कामाचा डोंगर असतो. बोर्डावर भरपाईचे दावे इतर खटल्यांच्या गर्दीत येतात. घाईत एखादी ओळ राहून जाते, त्यात दुष्टपणा नसतो. पण ती राहिलेली ओळ कामगाराच्या उरलेल्या आयुष्याची किंमत ठरवते. कलम २५-क प्रमाणे प्रकरण तीन महिन्यांत निकाली काढायचं असे. ती मुदत पाळलेला दावा मी पाहिलेला नाही, मात्र त्या तीन महिन्यांच्या नावाखाली नेमका कामगाराचाच पुरावा बंद झालेला पाहिला आहे.

विहिरीवरच्या अपघाताचा दावा ही पद्धत बदलल्यानंतरचा. तालुक्यातल्या एका गावात ठेकेदाराने ठरावाने विहीर घेतली होती. यारीचा वायररोप तुटला आणि खाली उतरणारा माणूस बकेटसकट आपटला. मणक्याची शस्त्रक्रिया झाली, पायात ताकद कमी राहिली. ठेकेदाराचा पहिला बचाव असा की हा मजूर नव्हताच, कामात वाटेकरी होता. दुसरा असा की विहीर खोदणं कायद्यात येतच नाही. येतं, बारा फुटांपेक्षा खोल खोदकाम किंवा सुरुंग लावलेलं खोदकाम परिशिष्ट दोनमध्ये स्पष्ट आहे. तिसरा वाद वयाचा. आधारकार्डावर जन्मतारीख एक जानेवारी, आमच्याकडच्या निम्म्या मजुरांची असते तशी, आणि त्यानुसार वय चाळीस. शाळेच्या दाखल्यावर पस्तीस. पाच वर्षांनी काय बिघडतं, असं वाटेल. भरपाईच्या हिशेबात पस्तिसाव्या वर्षाचा गुणक १९७.०६ आहे, चाळिसाव्याचा १८४.१७. जानेवारी २०२० पासून पगाराची मर्यादा १५,००० रुपये होती. कायम आणि पूर्ण अपंगत्वाला त्याच्या साठ टक्के म्हणजे ९,००० धरायचे. एकीकडे १७,७३,५४० रुपये, दुसरीकडे १६,५७,५३०. एक लाख सोळा हजारांचा फरक, एका दाखल्यावर. तो दाखला आम्ही उशिरा दिला, कारण शाळेतून तो मिळायलाच वेळ लागला, आणि तो 'उशिरा आला' म्हणून दाखल करून घेऊ नये असा समोरच्यांचा अर्ज होता. मी उत्तरात शाळेकडे केलेल्या अर्जाची पोच आणि शाळेचं पत्र लावलं. दाखला निशाणीवर गेला.

डॉक्टरांचं मात्र अडलं. प्रमाणपत्र चाळीस टक्क्यांचं होतं आणि समोरच्यांनी ते नाकारलं, म्हणून डॉक्टरांची साक्ष हवीच होती. चाळीस टक्के हा आकडा देखील पुरेसा नव्हता. शरीराचं अपंगत्व चाळीस टक्के असलं तरी विहीर खोदणाऱ्याची कमाई शंभर टक्के जाऊ शकते. सुतारकाम करणाऱ्याचा डावा हात कोपरावरून गेला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये त्याची पूर्ण कमाई गेली असंच मानलं होतं, आणि भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते हेही त्याच निकालात सांगितलं. हे डॉक्टरकडून आणि इतर पुराव्यातून वदवून घ्यायचं होतं. चाळीस टक्के धरले तर ७,०९,४१६. पूर्ण धरले तर साडेसतरा लाखांच्या वर.

पहिलं समन्स परत आलं: डॉक्टरांची बदली. दुसरं नव्या दवाखान्यात गेलं: रजेवर. तिसऱ्या तारखेला समोरच्यांनी जोर लावला, बाकी कामही होतं, आणि आदेश झाला: अर्जदाराचा पुरावा बंद. मी तिथेच उभ्या उभ्या हाताने अर्ज लिहिला. दोन्ही समन्सवरचे शेरे, डॉक्टरांच्या बदलीचं पत्र, साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यावी किंवा कोर्ट कमिशनर नेमून दवाखान्यात नोंदवावी अशी पर्यायी विनंती. आदेश मागे घेण्याचा अर्ज नामंजूर झाला. नामंजूर झाला तरी तो फायलीत होता, त्यावर समोरच्यांचं लेखी म्हणणं होतं आणि खाली न्यायाधीशांची सही होती.

त्या संध्याकाळी अर्जदार आणि त्याची बायको ऑफिसात बसले होते. आता दोन वाटा होत्या. एक, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली लगेच नागपूरला रिट. खर्च आहे, वेळ जाईल, आणि कोर्ट मधल्या आदेशांत सहसा हात घालत नाही. दुसरी, निकालापर्यंत थांबायचं आणि विरोधात गेला तर अपिलात सांगायचं की बाजू मांडायची संधीच दिली नाही. मधल्या आदेशावर तेव्हा अपील नव्हतं म्हणून ती तक्रार मरत नाही, अंतिम अपिलात ती घेता येते. आणि संधी नाकारली गेली, पुरावाच नसताना निष्कर्ष काढला, किंवा समोर असलेला पुरावा पाहिलाच नाही, हे कायद्याचे प्रश्न आहेत. पण नशिबाने अपील दाखल झालं आणि जिंकलं तरी प्रकरण फेरचौकशीला परत खालीच येणार. तोवर हा माणूस काय खाणार? बायको म्हणाली, "जे काय करायचं ते आताच करा ताई, मागून कोण पाह्यलं." मलाही तेच पटलं. डॉक्टरांची साक्ष हाच दाव्याचा कणा असेल तर थांबण्यात अर्थ नसतो. आम्ही रिट केली. उच्च न्यायालयाने फाइल पाहिली, समन्सवरचे शेरे पाहिले, नामंजूर झालेला अर्ज पाहिला, आणि खर्चाची रक्कम भरण्याच्या अटीवर एक संधी दिली. साक्ष व्हिडिओवर झाली.

बाईंच्या आणि या माणसाच्या दाव्यात जखम जवळपास सारखी होती, कायदा एकच, कोर्टाचं दार एकच. फरक होता तो फायलीतल्या काही कागदांचा.

अपिलाचं हे दार अरुंद का, ते मोठं करा, असं मला तरुण वकील म्हणतात. मला ते मान्य नाही. दार मोठं झालं तर त्यातून आधी मालक आणि विमा कंपन्या जातील. कामगाराजवळ नागपूरचं भाडं नसतं, त्यांच्याजवळ वकिलांचं पॅनल असतं. धाराशिव भागातल्या साखर कारखान्याचा एक रखवालदार २२ एप्रिल २००३ ला पहाटे तीनच्या पाळीला जाताना कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली आणि २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले, अपघात कामावर झाला नाही म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला तो २९ जुलै २०२५ रोजी: कामाची वेळ, जागा आणि प्रवास यांचा धागा जुळत असेल तर कामावर जाताना झालेला अपघातही कामातलाच. बावीस वर्षं. त्या घरात मागे बायको, आई आणि मुलं होती. असा एखादा खरा कायद्याचा प्रश्न असेल तर तो वर गेलाच पाहिजे. पण वय पस्तीस की छत्तीस, पगार बारा हजार की तेरा, यासाठी प्रत्येक दावा वर जाऊ लागला तर आमच्या तालुक्यातली निम्मी माणसं निकाल पाहायला उरणार नाहीत.

कलम ३० मधली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. भरपाईच्या आदेशावर मालकाला अपील करायचं असेल तर पूर्ण रक्कम आयुक्तांकडे जमा करून तसं प्रमाणपत्र अपिलासोबत लावावं लागतं. प्रमाणपत्र नाही तर अपील नाही.  रक्कम भरावी लागते म्हणून कित्येक पोकळ अपिलं जन्मालाच येत नाहीत. यातही कामगाराने जागं राहायला हवं. अपील चालू असताना आयुक्त जमा रक्कम रोखून धरू शकतात, आणि ती मागण्याचा अर्ज कुणी केलाच नाही तर पैसे वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतात.

आपल्या बाजूने झालेली घाईसुद्धा महाग पडते, हे मला शिकायला वेळ लागला नाही, कारण समोरचे वकील ते लगेच वापरतात. महिनाभरात भरपाई दिली नाही तर बारा टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर रकमेच्या पन्नास टक्क्यांपर्यंत दंड. पण दंडाआधी मालकाला कारण दाखवायची संधी द्यावी लागते. निकालाच्याच कागदावर परस्पर दंड लावला गेला की अपिलात पहिला तोच उडतो. म्हणून मी स्वतः अर्ज देते की दंडाबाबत मालकाला वेगळी नोटीस काढावी. पक्षकाराला वाटतं ताई समोरच्याला सवलत देतेय. मी त्याला शांतपणे समजावते की मिळालेला पैसा टिकला पाहिजे.

मृत्यूच्या दाव्यात तर प्रक्रियेचा पहिला घाव घरातच बसतो. दहाव्याच्या आत ठेकेदाराचा माणूस येतो, पन्नास हजार ठेवतो, कोऱ्या स्टॅम्पपेपरवर बाईचा अंगठा घेतो. कलम ८ सांगतं की मृत्यूची भरपाई थेट घरच्यांना देऊन मिटवता येत नाही, ती आयुक्तांकडेच जमा झाली पाहिजे. आणि कलम १७ प्रमाणे हक्क सोडल्याचा कुठलाही करार फोल आहे. तरी तो कागद कोर्टात येतोच. त्यावर वेळीच हरकत घेतली नाही तर 'तडजोड झाली' असा सूर अख्ख्या प्रकरणाला लागतो.

आणि सगळ्यात आधी सिद्ध करायचं असतं की मेलेला माणूस तिथे कामाला होता. हजेरीपट नसतो, पगारपत्रक नसतं. २० ऑगस्ट २०२१ ला शेजारच्या सिंदखेड राजा तालुक्यात दुसरबीडजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर घेऊन जाणारा टिप्पर उलटला आणि तेरा जण गेले. ते बहुतेक परराज्यांतून आलेले होते. अशा कुटुंबांना आपल्या गावाजवळच्या आयुक्तांकडे दावा लावता यावा म्हणूनच कलम २१ बदललं आहे. पण इथला पुरावा तिथे न्यायचा कसा, पंचनामा कुणी आणायचा, ठेकेदार कोण हे कुणी शोधायचं, हे त्या कलमात नाही. संत चोखामेळा आमच्या याच तालुक्यातल्या मेहुणा राजाचे, अशी परंपरा आहे. खडकपूर्णेच्या जलाशयाला त्यांचंच नाव आहे. मंगळवेढ्याला भिंत बांधताना ती कोसळली आणि इतर मजुरांसोबत ते गाडले गेले, १३३८ साली. ढिगाऱ्यातली हाडं नामदेवांनी ओळखली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला या कथेत माझ्या कामातला तोच पहिला प्रश्न दिसतो: हा कोण होता, इथे कशाला होता, हे सांगायला कुणीतरी उभं राहावं लागतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्यात आयुक्तांच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' आले, घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही संबंध जुळत असेल तर कामातला मानला गेला. अपिलाची चाळणी मात्र तशीच आहे, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न आणि साठ दिवस. मधल्या आदेशांवर तेव्हाही अपील नव्हतं, आताही नाही. कामगार संघटनेच्या कार्यकर्त्यांनी आणि गावातल्या शिकलेल्या पोरांनी हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. जुन्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे नोंदणीकृत संघटनेचा पदाधिकारीसुद्धा अर्जदारातर्फे उभा राहू शकत असे, आणि चांगला पदाधिकारी असलेल्या फायली मी पाहिल्यात. त्यात समन्सची प्रत्येक पोच असते.

विहिरीच्या दाव्यात शेवटी पूर्ण कमाई गेल्याचं आयुक्तांनी मानलं आणि शाळेच्या दाखल्यावरचं वय धरलं. व्याज अपघातापासून. दंडाच्या नोटिशीवर ठेकेदाराने उत्तर दिलं, ते ऐकून मगच दंडाचा आदेश झाला. साठ दिवस उलटले, ठेकेदाराने रक्कम भरली नाही आणि अपीलही केलं नाही. मग कलम ३१ खाली वसुलीचा अर्ज दिला, जमीन महसुलाची थकबाकी म्हणून. वसुलीचा दाखला आता तहसीलमध्ये आहे. ठेकेदाराच्या नावे दोन गटांत जमीन आहे, त्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढवावा म्हणून आम्ही वेगळा अर्ज दिलाय. मधल्या काळात त्यातला एक गट भावाच्या नावे करायची हालचाल सुरू झाल्याचं कळलं, म्हणून तलाठ्याकडे फेरफारावर लेखी हरकतही नोंदवली आहे, आणि तिची पोच माझ्याकडे आहे.